मेकॅनिकलसाठी मुलींचंच कॉलेज घ्यावं का? (पुणे)

बार्शीची_आई
लेकीला सीईटीत 94 पर्सेंटाइल आहेत. कॅपचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म शनिवारपर्यंत भरायचाय. तिला मेकॅनिकलच हवंय. आमचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, ही लहानपणापासून बापाच्या मागे पाना घेऊन फिरलेली. हे म्हणतात, पहिला ऑप्शन पुण्याचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज टाक, मुलींचं आहे, जिवाला घोर नाही. लेक म्हणते, शाळा कन्याशाळा होती, आता परत तेच? जाऊबाईंचं म्हणणं, अशाने पोरगी बुजरी होईल, उद्या पुरुषांत काम कसं करेल. कोणी शिकलंय का तिथे? खरं काय ते सांगा.

बारातेराचा_पाना
ताई, मी तिथेच मेकॅनिकल केलं, 2015 ला बाहेर पडले. गाव अकलूज. आता चाकणला मेंटेनन्सला आहे.

आधी यजमानांना सांगा, घोर नको म्हणून घालू नका. तो घोर कॉलेजच्या गेटाबाहेर आहे तसाच राहतो. बस तीच, रस्ते तेच.

माझी चुलत बहीण माझ्याच प्रवेशाच्या वर्षी दुसरीकडे मेकॅनिकलला लागली. वर्गात साठात सात मुली. वर्कशॉपला चार-पाच जणांचा गट, त्यात ही एकटी. पोरं वाईट नव्हती हो. उलट फार चांगली. "तू राहू दे, हात काळे होतील, तुझं अक्षर छान आहे, तू फाइल लिही." चार वर्षं तिने सुंदर फाइली लिहिल्या. आणि मी? मीही फाइलच घासली, पण ती दुसरी, कानस! लोखंडाचा तुकडा काटकोनात आणेपर्यंत तळहाताला फोड. "दे इकडे, मी करतो" म्हणणारं कोणी नव्हतंच. लेथवर (लोखंड फिरवून कातायचं यंत्र) पहिल्याच आठवड्यात मी चकची, म्हणजे तुकडा घट्ट धरणाऱ्या भागाची, चावी चकातच ठेवून बटणाकडे हात नेला होता. यंत्र सुरू झालं असतं तर ती उडून लागली असती. सरांनी अशी हाक मारली की अजून चावी काढल्याशिवाय हात वळत नाही. चुकायला मिळालं, ते महत्त्वाचं.

तिसऱ्या वर्षी आम्हा मुलींच्या टीमने गाडी बनवली तेव्हा नाना पेठेत बेअरिंग शोधत आम्हीच फिरलो, दुकानदाराशी भाव आम्हीच केला. वेल्डिंग बिघडलं तर रात्री चिडचिड आमची, आणि कॅप्टन कोण यावरून भांडणंही आमचीच. (एकीशी अजून बोलत नाही.)

जाऊबाईंचा मुद्दा अगदीच खोटा नाही. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत ऑपरेटर प्रश्न मला विचारायचे आणि उत्तरासाठी माझ्या ज्युनिअर मुलाकडे बघायचे. त्याचं औषध कॉलेजने दिलं नव्हतं. पण मशीन उघडायची भीती नव्हती, म्हणून एक दिवस गिअरबॉक्स उघडून दाखवला. मग बघणं थांबलं.

सायनची_सुमी
मी मुंबईत मुलींच्या कॉलेजात शिकले, शाखा वेगळी. एवढं गोड चित्र नको. आमच्याही गटात दोघी राबायच्या, बाकीच्या फाइल सजवायच्या.

बारातेराचा_पाना
खरंय. आमच्याकडेही होत्या अशा. पण राबणाऱ्या दोघी मुलीच होत्या ना!

निवृत्त_मास्तर
फीचं बघून ठरवू नका. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मग कॉलेज सरकारी असो की खासगी; फक्त खासगी आणि खासगी अभिमत विद्यापीठं त्यात येत नाहीत. प्रवेश मात्र कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. होस्टेल आणि मेसचा खर्च धरूनच चाला.

जाता जाता, हे कॉलेज 1991 चं, पण संस्था अण्णासाहेब कर्व्यांची, 1896 ची. फर्ग्युसनात गणित शिकवून ते पायी हिंगण्याला जायचे. त्यालाच आता कर्वेनगर म्हणतात. तेव्हा विधवा मुलींना बाहेर थाराच नव्हता, म्हणून आधी आसरा द्यावा लागला. तुमच्या घरी दुकान आहे, पाने आहेत. तुमच्या लेकीला आसरा नकोय, लेथ हवाय. यजमानांना हा फरक समजावा.

बार्शीची_आई
सगळं लेकीला वाचून दाखवलं. हे गप्प आहेत, म्हणजे अर्धं काम झालं. तिने एकच विचारलं, लेथवर नंबर लवकर लागतो का?

बारातेराचा_पाना
नाही लागत, थांबावं लागतं. तिला सांगा, वर्कशॉपच्या दिवशी वेणी नीट बांधून आत खोचायची, ओढणी आणि बांगड्या घरी. आणि चावी चकातून काढायची!