जुन्या पद्धतीचं लग्न: हौस की नाटक?

नौपाडावाला: परवा ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका लॉनवर लग्नाला गेलो होतो. पत्रिकेत ‘जुन्या पद्धतीचा विवाहसोहळा’. दारात बैलगाडी, तिच्यात बसून फोटो काढायला रांग. रुखवत भाड्याचं, एका सुपारीच्या बाहुलीखाली मागच्या नवरीचं नाव अजून चिकटलेलं. केळीची पानं होती, पण बुफेच्या ताटात बसतील अशी गोल कापलेली. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा, चवीला सगळं फक्कड. पण ‘आणखी एक घ्याच’ म्हणणारं कुणी नाही. १९९१ साली माझ्या लग्नात मित्रच वाढायला होते. पंगत आग्रहाची असते, पानाची नव्हे. बाकी सगळं नाटक, असं माझं मत.

सानपाड्याची मावशी: त्याच सुमाराला माझ्या दादाचं लग्न झालं. मित्रांनी मिरवत वाढलं, खरंय. पहाटे चारपासून अळू चिरून हात खाजवत कोण बसलं होतं? आई शेवटच्या पंगतीला जेवली, तोवर जिलबी संपली होती. मुलीच्या लग्नात केटररची पोरं होती, म्हणून मी पहिल्या पंगतीला बसले. त्यांनी आग्रह पैसे घेऊन केला. मला चालला.

नौपाडावाला: हे मान्य करावंच लागेल. पण शिवलेली नऊवारी? विजारीसारखी पायात चढवायची आणि मागे चेन!

नवी नवरी, कळवा: काका, ती चेन माझ्याही नऊवारीला होती. साडी आजीची, तिच्या लग्नातली पिवळी. ट्रंकेत घडीवर विरली होती. जुनी जरी विकत घेणारा किंमतही सांगून गेला होता. ती जाळून चांदी काढतात. तशीच नेसले असते तर पहिल्याच कासोट्याला फाटली असती. काठ-पदर वाचवून, खाली अस्तर लावून शिवून घेतली. आजी दोन दिवस बोलली नाही. मग स्वतःच विचारलं, उरलेल्याचं काय करणार? त्याचा अंतरपाट केला. त्यावर स्वस्तिकाच्या दोन बाजूंना दोन्ही आज्यांच्या सह्या भरल्या. माझी आजी सही करायला साठीत शिकली, त्यामुळे तिचा ‘ल’ थोडा आडवा आहे. आडवाच ठेवला.

आत्यानं मंगलाष्टक लिहिलं. एकच ओळ देते:
*आजीची पिवळी जुनी जरतरी, नेसून आली वधू*

वृत्तभंग: शार्दूलविक्रीडित वृत्त, १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. आत्याबाईंना नमस्कार! हल्ली मंगलाष्टकात दोघांच्या कंपन्यांची नावंही कोंबतात आणि भटजी बिचारे श्वास घ्यायला जागा शोधत राहतात.

घणसोलीकर: तुम्हा लोकांचं ‘जुनं’ नौपाड्यात सुरू होतं आणि तलावपाळीला संपतं. आमच्या आगरी लग्नात जुनं म्हणजे धवलारीण, धवले म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी गाणारी बाई. बहिणीच्या हळदीला आम्ही डीजे दीड तास बंद ठेवून धवले गायला लावले. चुलते भडकले, पोरं गच्चीवर निघून गेली. धवल्यांचे शब्द तिशीच्या आतल्या एकालाही येत नव्हते. बहीण हळद लागलेल्या हातानंच मोबाइल धरून रेकॉर्ड करत बसली. आता ती घरी ऐकून लिहून काढतेय. आणि काका, धवलारणीला साडी-बिदागी आधीपासून देतात. पैसे दिले म्हणून ते नाटक होत नाही.

साधा माणूस: बैलगाडीचा बैल घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये वेळेवर पोचला हेच नवल.

ऐरोलीची वकील: माझा प्रश्न वेगळा. जुन्यातलं नेमकं तेवढंच का उचलता? पहिलं सत्यशोधक लग्न १८७३ मध्ये लागलं, भटजीशिवाय. जोतीराव फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांना वचन देतात. दीडशे वर्षं झाली, म्हणजे पुरेसं जुनं आहे! पण ते ‘थीम’मध्ये कुणी मागत नाही. त्याला बैलगाडी लागत नाही ना.

वृत्तभंग: भटजी हवेतच, ताई. निदान सूर लावायला तरी.

ऐरोलीची वकील: तुमचा सूर ऐकलाय का कुणी?

नौपाडावाला: साडीचं मागे घेतो. आडव्या ‘ल’साठी. भाड्याचं रुखवत मात्र मला कधीच पटणार नाही. घणसोलीकर, पुढच्या वर्षी पुतणीची हळद आहे, आम्ही आगरी नाही. तरी धवलारीण येईल का?

घणसोलीकर: विचारतो. पण दीड तास तुमच्या पोरांना तुम्हीच धरून बसवायचं.