अणुशक्ती नसली तरी...
अणुभट्टी नसेल तर पाणबुडीला दर दोन-तीन दिवसांनी हवेसाठी वर यावंच लागतं, असं बरेचदा म्हटलं जातं. डिझेलच्या जुन्या बोटींबाबत ठीक, पण जर्मनीची यू-३२ बघा. २१२ए वर्गातली ही बोट. हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणारे फ्युएल सेल (रासायनिक क्रियेतून वीज बनवणारे संच) वीज देतात, त्यामुळे हळू चालायचं असेल तर हवा लागणारं डिझेल इंजिन लावावंच लागत नाही. २०१३ मध्ये सरावासाठी अमेरिकेकडे जाताना ती सलग १८ दिवस पाण्याखाली होती!

अर्थात, तेव्हा जर्मनीच्या पाणबुड्यांच्या ताफ्याची अवस्था वेगळीच होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये नॉर्वेजवळ याच वर्गातल्या यू-३५ चं सुकाणू खडकावर आपटलं आणि बाकीच्या पाच आधीच बंद असल्याने जर्मनीच्या सहाही पाणबुड्या एकाच वेळी बंद. सुट्या भागांचे साठे काटकसरीत आधीच आटलेले, मग दुरुस्त्या रखडणारच.