मदत हवी आहे: आई ६६ वर्षांची, युगांडाला चाललीये. यलो फीव्हरची लस आणि प्रवासातल्या आजारांवरचे शोधनिबंध

नमस्कार मंडळी,

मी कोपरखैरण्यात राहते. धाकटी बहीण कंपालाला असते. जानेवारीत तिचं बाळंतपण आहे, म्हणून आई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन महिन्यांसाठी तिच्याकडे जातेय. आईला रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी रोजची, बाकी ठणठणीत. डिंक, अळीव, खारीक सगळं आणून झालंय. अडलंय ते लशीपाशी.

युगांडात उतरायला यलो फीव्हरचं (डासांमुळे होणारा पीतज्वर) पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, लागतंच. परतताना आपल्या विमानतळावरही ते बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस एकदाच घ्यायची. २०१६ पासून कार्ड आयुष्यभर चालतं, मात्र टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. इथवर कळलं. पण ही लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची आहे, आणि साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त आढळतात. प्रमाण फार कमी आहे हे मान्य, पण सुई आईच्या दंडात जाणार आहे.

तिकीट काढून देणारा म्हणाला, "बिनधास्त घ्या हो, सगळेच घेतात." आमच्या डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, "थायमसचा कधी काही त्रास?" आई लगेच म्हणाली, "हो, बारा वर्षं गोळी चालू आहे." तिला थायरॉइड ऐकू आलं होतं! थायमस ही छातीतली वेगळीच ग्रंथी. तिचा आजार असेल किंवा ती काढलेली असेल तर ही लस देत नाहीत. थायरॉइडशी याचा संबंध नाही. घरात थायरॉइडचं कुणी असेल तर फॉर्म भरताना एवढं नक्की जपा.

मग मीच शोधनिबंध वाचायला बसले. डेव्हिड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांचा २००६ चा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला एक सापडला. जिओसेंटिनेल हे प्रवाशांच्या आजारांची नोंद ठेवणाऱ्या दवाखान्यांचं जाळं; त्याच्या सहा खंडांतल्या ३० केंद्रांवर आलेले १७,३५३ आजारी प्रवासी, आणि कोण कुठून कुठला आजार घेऊन परतला याचा हिशेब. सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्यांत मलेरिया डेंगीच्या पुढे, आग्नेय आशियातून आलेल्यांत डेंगी मलेरियाच्या पुढे, आणि टायफॉइड मुख्यतः आपल्या भागातून, म्हणजे भारत आणि शेजारच्या देशांतून. ते वाचून मन खट्टू झालं. २०१८ मध्ये आपल्या नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस दिली होती, माझ्या मुलालाही तेव्हाच मिळाली. म्हणजे इथेही कुणीतरी झटतंय.

प्रवासातल्या आजारांवरच्या लिखाणात 'व्हीएफआर' हा शब्द सारखा येतो: नातेवाइकांना, मित्रांना भेटायला जाणारे प्रवासी. मलेरिया आणि टायफॉइडचा धोका त्यांना पर्यटकांपेक्षा जास्त, कारण ते जास्त दिवस राहतात, घरातलंच खातात-पितात आणि निघण्याआधी सल्ला घेत नाहीत. आमच्या आईचं वाक्य अगदी हेच: "लेकीच्या घरी चाललेय, जंगलात नाही." तिला वाटतं, लहानपणी दोनदा हिवताप झालाय, आता काय होणार! पण ती जुनी ताकद टिकत नाही. शिवाय तिथला मलेरिया बहुतांश फॅल्सिपॅरम या घातक जातीचा, क्लोरोक्विन या जुन्या औषधाला न जुमानणारा. हे तिला कसं पटवू?

आणखी एक गोष्ट मला सतत खटकतेय. मी वाचलेल्या निबंधांतले व्हीएफआर म्हणजे युरोप-अमेरिकेत स्थायिक झालेली आणि मायदेशी भेटीला जाणारी माणसं. इथून निघून आफ्रिकेत लेकीच्या बाळंतपणाला जाणारी आई त्यांच्यात कुठेच नाही. आपण फक्त "आजार जिथून येतो" त्या रकान्यात.

तर जाणकारांना आणि अनुभवी मंडळींना विचारते:

साठी ओलांडलेल्या कुणाला ही लस देऊन आणलीय का? मुंबईच्या केंद्रावर डॉक्टर काय काय विचारतात, आधीचे रिपोर्ट बघतात का? वैद्यकीय कारणाने लस टाळल्याचं पत्र एन्टेबे विमानतळावर चालल्याचा कुणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे का?

तीन महिन्यांसाठी मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या कुणी घेतल्यात का? डॉक्सिसायक्लिन रोज, मेफ्लोक्विन आठवड्याला एकदा. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर कुणाला काही जाणवलं? निर्णय डॉक्टरांचाच, पण त्यांना काय विचारायचं हे मला माहीत हवं.

आणि भारतातून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांवर कुणी सलग संशोधन केलं असेल तर त्या संशोधकाचं नाव सांगा. पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) बऱ्याचदा सारांशावरच अडते. पूर्ण निबंध मोफत कुठे वाचता येतात, तेही सांगा.

दहा दिवसांचा हिशेब धरून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लस घ्यायची आहे. तारीख आधी ठरवावी लागते म्हणे, त्यामुळे जरा लवकर उत्तर आलं तर फार बरं होईल.