मानसोपचारतज्ज्ञ की मानसशास्त्रज्ञ? आणि औषध ‘देतो’ की ‘लिहून देतो’?

गोधडी: अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या कायद्यावरचा एक लेख मराठीत आणतेय, पण पहिल्याच वाक्यात अडलेय. तिथे जादा शिक्षण घेतलेल्या सायकॉलॉजिस्टना मनोविकारांवरच्या गोळ्या लिहून देता येतात. कायदा २००२ चा, पदनाम ‘प्रिस्क्रायबिंग सायकॉलॉजिस्ट’. मी ‘औषधे देणारे मानसोपचारतज्ज्ञ’ केलं, तर नवरा म्हणतो, “मग यात बातमी काय? ते देतातच की!”

मुळाक्षर: यजमानांचं बरोबर आहे. ‘मानसोपचार’ म्हटलं तर त्यात बोलून केलेले उपचारही आले, पण वर्तमानपत्रांनी ‘मानसोपचारतज्ज्ञ’ सायकिअ‍ॅट्रिस्टला चिकटवला आणि तोच रुळला. एमडी झालेल्यासाठी ‘मनोविकारतज्ज्ञ’ नेमका. पण पाटीवर ‘विकार’ दिसला की माणूस जिन्यातूनच परत फिरतो, म्हणून डॉक्टरांनाही तो नकोसा. तुमच्या लेखातला माणूस मानसशास्त्रज्ञ. (आणि कृपा करून ‘तज्ञ’ नको. तत् + ज्ञ, म्हणून तज्ज्ञ.)

तिरकाठी: ‘देणारे’ पण काढा. देणारे आम्ही, मेडिकलवाले. डॉक्टर लिहून देतो, आम्ही देतो, पेशंट घेतो. मागे एक पोरगा चिठ्ठी घेऊन आला. “झोपेची गोळी, रात्री अर्धी.” वर नावाआधी ‘डॉ.’, नावानंतर पीएचडी, खाली नंबर पुनर्वास परिषदेचा, म्हणजे जिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी होते तिचा. मेडिकल कौन्सिलचा नंबर कुठेच नाही. परत पाठवला. ‘डॉ.’ या एका अक्षरावर एक वेगळा धागा काढा कुणीतरी.

कासव: मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. (‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ फक्त पाठ्यपुस्तकात. मला तसं आजवर कुणी हाक मारलेली नाही.) तिरकाठी काकांनी केलं ते योग्यच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०६ बघा. आपल्या शाखेला मुभा नसलेलं औषध नुसतं सुचवायचंही नाही. म्हणजे ‘लिहून देणे’ दूरच, ‘सुचवणे’सुद्धा बंद. त्यामुळे “डोस जास्त झालाय” असं मी म्हणत नाही. “दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत, हे डॉक्टरांना सांगा,” म्हणते.

गोधडी: पण ताई, अधिकार मिळाला तर घ्याल?

कासव: नाही. गावाकडे मनोविकारतज्ज्ञ मिळत नाही, महिनोन्‌महिने थांबावं लागतं, हा तिकडचा मुद्दा मला पटतो. इथेही तेच आहे. पण लिथियम या औषधाचंच उदाहरण घ्या. रक्तातली पातळी बघायची, थायरॉइड बघायचं, मूत्रपिंडं बघायची, शिवाय बीपीच्या कुठल्या गोळीशी त्याचं जमत नाही तेही ठाऊक हवं. न्यू मेक्सिकोतही आधी दोन वर्षं डॉक्टरच्या देखरेखीखाली सशर्त परवाना असतो, तो काही उगाच नाही. आणि माझी खरी भीती वेगळीच आहे. चिठ्ठी लिहिता आली की माझं पाऊण तासाचं सेशन दहा मिनिटांवर येईल.

गोधडी: अमेरिकेतल्याच लुईझियाना राज्यात २००४ पासून हेच, पण तिथे पदनाम ‘मेडिकल सायकॉलॉजिस्ट’. ‘वैद्यकीय मानसशास्त्रज्ञ’ करू?

मुळाक्षर: अजिबात नको, तो वाचणाऱ्याला एमबीबीएसच वाटेल. ‘औषधे लिहून देण्याचा परवाना असलेले मानसशास्त्रज्ञ’ लिहा. पहिल्यांदा पूर्ण, पुढे नुसतं ‘परवानाधारक’.

गोधडी: मथळ्यात मावत नाही हो.

तिरकाठी: शिक्क्यावर मावतंय का तेवढं बघा, आम्ही तोच वाचतो.