प्रॉडक्शनची स्क्रीन लालच हवी आणि सगळ्यांना सक्तीची हवी, पटतंय का?

चाकणचा_प्लॅनर: आम्ही चाकणला गाड्यांचे पार्ट बनवतो, सगळं सॅपवर, म्हणजे कंपनीचा साठा-खरेदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. मागच्या महिन्यात दोन विंडो उघड्या ठेवून बसलेलो, एक क्वालिटी (चाचणीची सिस्टिम), एक प्रॉडक्शन (खऱ्या कामाची), दोन्ही सेम टू सेम निळ्या. टेस्टिंग म्हणून एमएम१७ मधून (एकदम ढीगभर मटेरियल बदलायची स्क्रीन) १,४०० मटेरियलचा डिलिव्हरी टाइम ९० दिवस केला आणि तो झाला प्रॉडक्शनला. रात्री एमआरपी (काय, कधी मागवायचं याचा हिशोब) चालला, सकाळी भोसरीच्या व्हेंडरचा फोन, "साहेब तीन महिन्यांचा माल आत्ताच मागताय, गाड्या दोनच आहेत माझ्याकडे." सिस्टिमचं नाव असतं हो स्क्रीनवर, खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढं. सॅप जीयूआयच्या ऑप्शन्समधे सिस्टिम आणि क्लायंटप्रमाणे (सिस्टिममधला कप्पा) रंग लावता येतो, पण ज्याने त्याने आपापल्या पीसीवर लावायचा, म्हणजे कोणीच लावत नाही. आयटीने तो वरूनच लावून टाकावा, प्रॉडक्शन लाल, क्वालिटी पिवळी, डेव्हलपमेंट (नवे बदल बनवायची) हिरवी, आणि कोणाला बदलता येऊ नये.

हिंजवडी_सपोर्ट: अजिबात नको. मी पाच क्लायंट कंपन्या बघतो, एकाकडे लाल म्हणजे प्रॉडक्शन, दुसऱ्याकडे लाल म्हणजे सँडबॉक्स (प्रयोगाची सिस्टिम), का तर म्हणे तिथे सगळं मोडलेलं असतं. मी माझ्या पीसीवर पाचही ठिकाणी एकच नियम लावलाय, तो काढून घेतलात तर पुढचा फोन माझ्या नावाने येईल.

स्टोअर_खिडकी: आमच्याकडे केलं होतं हे. मला क्वालिटीचं लॉगिनच नाही, आठ तास प्रॉडक्शनमधेच, जीआरएन (आलेल्या मालाच्या नोंदी) मारत. पहिले दोन दिवस डोळे चुरचुरले, तिसऱ्या आठवड्यात लाल आहे हेच विसरलो. रात्री अकराला सिग्नलचा लाल दिवा जसा दिसतो पुण्यात, तसा. दिसतो, पण थांबतो कोण.

चाकणचा_प्लॅनर: मग तुम्हाला नका लावू, ज्याच्याकडे दोन लॉगिन आहेत त्याला लावा. आणि हे माझ्यासारख्या वेंधळ्याचंच दुखणं नाहीये, ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (प्रोग्रामरचा कोड ठेवणारी साइट) इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडवली होती, साधारण ६ तासांचा डेटा कायमचा गेला. त्यांनी नंतर सुधारणांची यादी काढली त्यात प्रत्येक सर्व्हरचा प्रॉम्प्ट (कमांड टाइप करतो तिथली खूण) वेगळा ओळखू यावा हेही होतं.

बेसिस_काका: अर्धीच गोष्ट सांगतोस बाळा. त्यांचा रोजचा बॅकअप गुपचूप फेल होत होता आणि कोणाला पत्ताच नव्हता, खरा घात तिथे झाला. तुझंही तेच, प्लॅनरला प्रॉडक्शनमधे एमएम१७ दिलं कोणी? उघड्या दाराला 'कुत्र्यापासून सावध रहा'ची पाटी लावून काय होणार, कडी घाला. रोल (ती परवानगी) काढून घ्या, महिन्यातून एकदा लागलंच तर फायरफायटर आयडी (तात्पुरतं जादा अधिकाराचं लॉगिन) घ्या, काय केलं त्याचा लॉग राहतो.

चाकणचा_प्लॅनर: काका कडी हवीच, पण रोल काढायला आमच्याकडे तीन सह्या आणि दीड महिना लागतो, रंग उद्या होतो.

खाकी_चष्मा: मी रंगांधळा आहे, लाल-हिरव्यातला. तुमचं लाल प्रॉडक्शन आणि हिरवं डेव्हलपमेंट मला एकाच मळकट खाकीत दिसतं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत १२ मागे १ जण असा निघतो, आपल्याकडे प्रमाण कमी आहे पण मोठ्या ऑफिसात दोन-चार नक्की सापडतील, सांगत नाहीत इतकंच. २०२० मधे सरकारने सौम्य आणि मध्यम रंगांधळ्यांना गाडीचं लायसन्स द्यायचं ठरवलं, आणि तुम्ही मला एमएम१७ मधे आंधळा करताय. डब्ल्यूसीएजीमधेही (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणूनचे नियम) आहे, माहिती फक्त रंगातून देऊ नका. सिस्टिमचं नाव मोठ्या अक्षरात दिसू द्या, आणि सक्ती करायचीच तर लाल-हिरव्याची जोडी तरी नको.

हिंजवडी_सपोर्ट: हे मात्र खरंय. आमच्या टीमच्या डीबीव्हरमधे (डेटाबेस बघायचं सॉफ्टवेअर) प्रॉडक्शन कनेक्शन लालसर करून ठेवलंय, एक जण कायम विचारायचा हे कुठलं, आम्ही हसायचो त्याला. आता कळतंय.

चाकणचा_प्लॅनर: अपडेट देतो. रोलचा अर्ज टाकलाय, एक सही झाली. रंग कालच लागले, फक्त दोन लॉगिनवाल्यांना. डेव्हलपमेंट हिरवी नाही, निळी केली, खाकी भाऊंमुळे. आणि प्रॉडक्शनच्या मेन्यूवर रोज दिसणारं चित्र असतं ना, तिथे कंपनीचा लोगो काढून टम्म अक्षरात 'प्रॉडक्शन' लिहून घेतलंय. मार्केटिंगवाले चिडलेत.