चेऊलकर आडनाव – मूळ कुठलं आणि बाकीचे चेऊलकर गेले कुठे?

तलावपाळीचा_राजू (ठाणे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. आमचं आडनाव चेऊलकर. ठाण्यात तीन पिढ्या चरईत गेल्या, आता घोडबंदरला राहतो. आमच्या घरातले सोडले तर या आडनावाचा माणूस मला शाळेत, कॉलेजात, ऑफिसात कुठेच भेटला नाही, बँकेत नाव सांगितलं की समोरची मुलगी हमखास शेवळकर नाहीतर चेंबूरकर लिहिते. चौलकर मात्र दोनतीन भेटले, पण ते म्हणतात आमचा तुमचा संबंध नाही.

आता मुद्दा असा की मुलीच्या वर्गात एक नवीन मैत्रीण आलीय, तिच्या आजीचं माहेरचं आडनाव चेऊलकर निघालं!! मी खूश, म्हटलं सापडले भाऊबंद, तर ते कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. आमच्याकडे गणपती बसतो, कुलदेवी एकवीरा. जात मुद्दाम लिहीत नाही कारण मग धागा तिकडेच जातो. घरात यावर दोन तट पडलेत. आत्याचं म्हणणं आपण पूर्वी ज्यू असणार, काका म्हणतात ते लोक पूर्वी आपल्यातले असणार. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ "कुलाबा" आहे, म्हणजे आम्ही मूळचे कफ परेडकडचे का, तेही कळत नाही. आडनावांचा नकाशा दाखवणाऱ्या साइटवर टाकून बघितलं तर जगभरात मोजकीच माणसं दाखवतंय आणि त्यातली बरीच इस्रायलमध्ये. कुणाला माहिती असेल तर सांगा.

सत्यशोधक_७७

सरळ आहे की. नक्की ज्यू होतात तुम्ही, मधे कधीतरी धर्म बदलला. डीएनए टेस्ट करून घ्या, विषय संपला.

पनवेलचा_जुना_कारकून

सत्यशोधक भाऊ, जरा दमानं. आडनाव सारखं म्हणून रक्त सारखं असं कोकणात लावत बसलात तर अर्धा रायगड एकमेकांचा चुलत भाऊ निघेल. पेणकर सगळ्या जातींत आहेत, बेने इस्रायलींतही आहेत. नागावकर, रोहेकर, घोसाळकर, दिवेकर, राजपूरकर, सगळीकडे हाच प्रकार. "कर" लागलं की ते गावाचं नाव, जातीचं नाही आणि धर्माचं तर नाहीच नाही.

राजू, पहिलं म्हणजे कफ परेड डोक्यातून काढा. दाखल्यावरचा कुलाबा म्हणजे कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. अलिबागसमोर समुद्रात जो कुलाबा किल्ला आहे त्याच्यावरून जिल्ह्याला ते नाव होतं, 1981 ला अंतुले मुख्यमंत्री असताना बदलून रायगड केलं. जुन्या दाखल्यांवर नुसतं "कुलाबा" लिहिलेलं असतं आणि नातवंडं मुंबईत शोधत बसतात, हे मी नोकरीत कितीदा पाहिलंय.

आणि चेऊल म्हणजे चौल. अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याला लागून. शिवकाळातल्या, आंग्र्यांच्या वेळच्या कागदांत चेऊल असंच येतं. अफनासी निकितिन म्हणून रशियन व्यापारी पंधराव्या शतकात तिथे उतरला, त्याने गावाचं नाव चिवील लिहिलंय. त्याच्याही आधी अरब लोक सैमूर म्हणायचे, ग्रीकांनी सिमिल्ला केलं आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत दान देणाऱ्यांची गावं दिलीत त्यात चेमुल आहे. चेमुल, चेऊल, चौल अशी गाडी आली. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये खालच्या चौलात, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, कोट बांधायला घेतला आणि ते चाउल लिहायचे, पुढे इंग्रजीतही तेच चाललं. म्हणून जे नंतर बाहेर पडले किंवा ज्यांनी नवीन स्पेलिंगप्रमाणे लावलं ते चौलकर आणि ज्यांच्या घरात जुना उच्चार टिकला ते चेऊलकर, असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणतो, कारण एकाच घरात थोरला चौलकर आणि धाकटा चेऊलकर अशीही उदाहरणं असतात, शाळेत मास्तरांनी जे लिहिलं ते.

शनिवारची_सुट्टी (ठाणे)

राजूदादा, मी बेने इस्रायली, राहायला ठाण्यातच, टेंभी नाक्याच्या सिनेगॉगपासून चालत पाच मिनिटांवर. चेऊलकर आमच्यात आहेत, आणि तुम्हाला आत्यांची समजूत काढायला सोपं जावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्यात सांगतात की पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली. ती पांगली कोकणातल्या गावांत, तेलाचे घाणे चालवायला लागली, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. तेव्हा आडनाव वगैरे काही नव्हतं हो! नाव आणि बापाचं नाव, बस. आणि नावंही कशी, सॅम्युएलचा समाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा आबाजी. मुंबईत पहिलं सिनेगॉग 1796 ला बांधलं ते सॅम्युएल दिवेकरांनी, कंपनीच्या फौजेत होते, त्यांचं घरचं नाव समाजी हसाजी. म्हणजे गाव सोडून फौजेत, मुंबईत गेलेल्या माणसाला नावापुढे गाव लावावं लागलं.

हा मुद्दा सगळे विसरतात. चौलात राहणाऱ्याला चौलात कोण चेऊलकर म्हणणार? तिथे सगळेच चौलचे. चौलचा माणूस पेणला, ठाण्याला, मुंबईला गेला की मग तो चेऊलकर. म्हणून हे आडनाव गावात शोधलंत तर हाताला फारसं लागणार नाही, गाव सोडून लोक जिथे जिथे गेले तिथे शोधा. किहीम सोडलं ते किहीमकर, झिराड सोडलं ते झिराड (यांनी कर पण नाही लावलं, डॉ. जेरुशा झिराड याच घराण्यातल्या, 1966 च्या पद्मश्री), आवासचे आवासकर, अष्टमीचे अष्टमकर, वाकरूळचे वाकरूळकर. महालक्ष्मी स्टेशनजवळचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाने आहे ते 1937 मध्ये मुंबईचे महापौर होते, त्यांचं आडनाव राजपूरकर, पण रस्त्याच्या पाटीवरून ते गेलंच. आमच्यातल्या खूप जणांनी इंग्रजी शाळेत गेल्यावर गावाचं नाव सोडून बापाचं नाव आडनाव केलं, मोझेस, सॅम्युएल, डेव्हिड, सॉलोमन. म्हणून चेऊलकर कमी दिसतात, माणसं कमी झाली असं नाही फक्त, नाव मागे पडलं.

आणि लांब गेल्याचं उदाहरण द्यायचं तर कराचीत 1893 ला जे सिनेगॉग झालं ते बांधणारे सॉलोमन डेव्हिड उमरडेकर. आडनाव कोकणातलं आणि माणूस सिंधमध्ये, नगरपालिकेत सर्व्हेअर. ती इमारत पुढे 1988 ला पाडली.

इस्रायलचं म्हणाल तर 1948 नंतर आमचे निम्म्याहून जास्त लोक तिकडे गेले, दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा. त्यामुळे साइटवर तिकडे जास्त दिसतात त्यात नवल काही नाही. तिकडे हिब्रूत आडनाव लिहिताना स्वर गळतात, परत इंग्रजीत आणताना प्रत्येकजण वेगळं करतो, म्हणून एकाच आजोबांची नातवंडं साइटवर तीन वेगळी आडनावं म्हणून मोजली जातात. त्या नकाशावर फार भिस्त ठेवू नका.

सत्यशोधक_७७

पण मग दोघांचं मूळ एक नाहीच हे कशावरून? गाव एकच ना.

शनिवारची_सुट्टी (ठाणे)

गाव एक आहेच की दादा. एकाच गावातून निघाले म्हणून आडनाव एक, एवढंच. चौल काही आज दिसतं तसं खेडं नव्हतं, मोठं बंदर होतं, विणकर, कासार, व्यापारी, मुसलमान, ख्रिस्ती, आम्ही, सगळे होते. बंदर गाळाने भरत गेलं, मुंबई वाढली, जो तो उठला आणि मुंबईकडे आला. तुम्ही एसटी स्टँडवर उभं राहून चौलहून आलेल्या सगळ्यांना नातेवाईक म्हणाल का?

डीएनएचं म्हणाल तर आमच्यावर 2016 मध्ये अभ्यास छापून आलाय, त्यात ज्यू वंशाचा आणि इथल्या भारतीय लोकांचा, दोन्हीचा वाटा मोठा निघाला. म्हणजे आत्या आणि काका दोघंही थोडे खूश होतील 😄 पण तो अख्ख्या समाजाचा हिशोब आहे, त्यावरून राजूदादांच्या घराबद्दल काही ठरत नाही.

घणसोलीचा_भोईर

आमच्याकडे उलटं आहे बघा. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, बेलापूर कुठल्याही गावात जा, पाटील, म्हात्रे, भोईर, मढवी, ठाकूर, नाईक, तांडेल. गावाचं नाव लावणारा आमच्यात औषधालाही मिळायचा नाही कारण आम्ही गाव सोडलंच नाही, गावच सिडकोने आमच्या भोवतीनं उचलून नेलं. पाटीलकी होती म्हणून पाटील, होडीचा प्रमुख म्हणून तांडेल. कर लावणारा दिसला की आमची आजी विचारायची "कंचा गावचा रं तू", म्हणजे तो बाहेरचा हे तिने धरलेलंच असायचं.

तलावपाळीचा_राजू (ठाणे)

अरे वा, एवढं अपेक्षित नव्हतं. ताई खूप धन्यवाद, आत्याला वाचून दाखवलं, ती म्हणाली "तरी पण".

आता एक आठवलं ते सांगतो. आजी होती तोवर दर वर्षी कुणाच्या तरी हातून चौलच्या शीतळादेवीला ओटी पाठवायची. आम्हाला वाटायचं तिचा नवस असेल. हे धरून काही पुढे शोधता येईल का? आजोबांच्या आधीचं काहीच कागदपत्र नाही घरात. 2005 च्या पुरात खालच्या मजल्यावरची ट्रंक गेली.

पनवेलचा_जुना_कारकून

आजीची ओटी हाच तुमचा सगळ्यात चांगला पुरावा, सासरचं दैवत असेल तर. आधी आत्याला हे विचारा की ओटी आजीच्या माहेरची पद्धत होती का सासरची. माहेरची असेल तर सगळं फिरतं.

सासरची असेल तर मग असं करा. आजोबांचा दाखला ज्या शाळेचा आहे तिथे जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा, दाखल्यावर नुसतं कुलाबा लिहिलं असलं तरी रजिस्टरात कधी कधी तालुका आणि गाव असतं, आधीची शाळाही असते. गाव मिळालं की अलिबाग तहसीलला अभिलेख कक्षात गाव नमुना 14 बघायचा, जुनी जन्ममृत्यू नोंद, लोक कोतवाल बुक म्हणतात. तिथे आडनाव सापडेल याची आशा धरू नका, जुन्या नोंदीत "अमुक वल्द तमुक", म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, आणि जात एवढंच असतं, म्हणून पणजोबांचं नाव आणि त्यांच्या बापाचं नाव पक्कं हवं. बरंच मोडीत आहे. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायला सरकारने जी मोहीम काढली त्यात हे जुने कागद बऱ्याच ठिकाणी स्कॅन झालेत, जिल्ह्याच्या वेबसाइटवर काही टाकलेत, तुमचा विषय वेगळा असला तरी चाळायला फुकट आहे. मोडीत ऱ्हस्व दीर्घ वेगळं नसतं आणि शब्द तोडलेले नसतात, तेव्हा स्वतः वाचायच्या फंदात पडू नका, मोडी वाचक गाठा.

जमीन होती का कधी? असेल तर फेरफार बघा, सातबारा नाही. सातबाऱ्यावर आजचा मालक, फेरफारात कोण कुणाचा वारस ते येतं, आणि वारस नोंदीत "हल्ली मुक्काम ठाणे" असं लिहिलेलं सापडलं तर तुमचं काम झालं.

आणि नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात, यात्रेकरूंची नावं गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे. आजोबा, पणजोबा कोणी अस्थी घेऊन गेले असतील तर त्यांच्या हाताची सही असते. गुरुजी विचारतील मूळ गाव कुठलं, तर ठाणे सांगू नका, चौल सांगा.

शनिवारची_सुट्टी (ठाणे)

काका, भारी माहिती. आमच्याकडे वह्या नसतात, पण लग्नाचे करार असतात, केतुबा म्हणतात, आणि कबरींवरचे दगड, त्यातल्या बऱ्याच दगडांवर हिब्रूबरोबर मराठीतही लिहिलंय.

राजूदादा, तुम्ही चौलला जाणार असाल तर रेवदंड्याचं सिनेगॉगही बघून या, पावणेदोनशे वर्षांहून जुनं आहे, आणि अलिबागला इस्राएल आळी आहे. परत येताना खंडाळे गावात एलियाहू हनबीचा (म्हणजे आमचे एलिया प्रेषित) टापा बघा, खडकावर रथाच्या खुणा आहेत म्हणतात, आम्ही नवस फेडायला जातो, मलिदा करतो. मलिदा म्हणजे गुळखोबरं घातलेले पोहे हो, तुमच्या आजीने कधी तसे केले असतील तर आत्याला सांगू नका, पुन्हा सुरू होईल.

तलावपाळीचा_राजू (ठाणे)

😂 केले होते. कोकणात कोण करत नाही.

आत्याला विचारलं, ओटी सासरचीच, आजीला तिच्या सासूने लग्नात सांगितलं होतं म्हणे. आणि पणजोबांचं नावही तिला पाठ निघालं, त्यांच्या बापाचंही. काका, शाळेचा उतारा मागायला अर्ज कुणाच्या नावाने करायचा, मी नातू म्हणून चालेल का बाबांनीच करावा लागेल?

पनवेलचा_जुना_कारकून

बाबांनी केला तर बरं, मुलगा म्हणून प्रश्न येत नाहीत. सोबत आजोबांच्या दाखल्याची झेरॉक्स आणि बाबांचा स्वतःचा दाखला जोडा, त्यात वडिलांचं नाव असतं. आणि रजिस्टर समोर उघडलं की आडनावाच्या रकान्याचा फोटो काढू द्या म्हणावं, चेऊलकर, चौलकर का आणखी काही लिहिलंय ते इथे कळवा.