घरी छापा, कापा, खेळा : तुमचे अनुभव सांगा

चांगला बोर्डगेम विकत घ्यायचा म्हटलं तर दोन-अडीच हजार सहज जातात. परदेशातून मागवला तर कस्टम ड्युटीचा चटका वेगळाच. त्यावर एक वाट आहे, 'प्रिंट अँड प्ले'. खेळ तयार करणारा पीडीएफ देतो, कधी फुकट, कधी थोड्या पैशांत. छापायचं आणि कापायचं आपण, फासे-सोंगट्या घरातल्या. "सुरुवात कुठून करू?" असं हल्ली बरेच जण विचारतात, म्हणून हा धागा. नुसत्या खेळांच्या याद्या नकोत. स्वतः केलेलं लिहा, आणि फसलेलं तर जरूर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिलाच खेळ मी ५४ पत्त्यांचा निवडला. रंगीत, दोन्ही बाजूंनी छापायचा, जाड कागदावर. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांनी निमूट छापून दिला. घरी येऊन कापला तर प्रत्येक पत्ता नेहमीपेक्षा लहान, आणि पाठीमागची चित्रं उलटी. पीडीएफ अमेरिकन 'लेटर' मापाची होती, आपला कागद ए-फोर. प्रिंटरने 'फिट टू पेज' करून सगळं आक्रसवलं होतं. पत्त्याचं नेहमीचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. त्या मापाचे नऊ पत्ते ए-फोरवर तीन-तीनच्या ओळीत आरामात बसतात, पण छापताना 'अ‍ॅक्च्युअल साइझ' किंवा १०० टक्के निवडायला हवं. आता मी आधी एकच पान काळंपांढरं छापून घेते आणि पट्टी लावून बघते. मगच बाकीचं.

तो ५४ पत्त्यांचा खेळ अजून पिशवीत आहे. एकदाही खेळलेलो नाही.

नाशिकहून

मी निवृत्त ड्राफ्ट्समन. त्यामुळे खेळापेक्षा कापणं मला जास्त येतं, तेवढंच सांगतो.

कात्री विसरा. मोडता येणाऱ्या पात्याचा कटर आणि एक फुटी स्टीलची पट्टी घ्या. प्लॅस्टिकच्या पट्टीला पातं चावतं आणि मग सगळ्या रेघा वाकड्या. खाली कटिंग मॅट नसेल तर जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे चालतात. पट्टी नेहमी पत्त्याच्या अंगावर ठेवायची आणि पातं बाहेरच्या अंगाने चालवायचं, म्हणजे हात घसरला तरी जखम रद्दीला होते. एका दाबात कापायला जाऊ नका. हलके तीन हात मारा. उभं राहून कापा, बसून कापलं की पट्टी सरकते. आणि पट्टीवरच्या बोटांची टोकं काठाबाहेर येऊ देऊ नका. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डाव्या तर्जनीवर दोन टाके आहेत.

दोन्ही बाजूंच्या छपाईच्या नादी लागू नका. दुकानातल्या मशीनवर पुढची आणि मागची बाजू मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतेच, त्यात दुकानदाराचा दोष नाही. काही पीडीएफमध्ये पुढची आणि मागची बाजू एकाच पानावर शेजारी-शेजारी देतात आणि मध्ये घडीची रेघ असते. त्या रेघेवर घडी घालून चिकटवायचं आणि मग कापायचं. मागची बाजू आपोआप जागेवर बसते. चिकटवायला ग्लू स्टिक घ्या. पांढऱ्या फेव्हिकॉलच्या पाण्याने कागद पापडासारखा फुगतो. रात्रभर पाट्याखाली ठेवा.

कडेला कागदाचा पांढरा गाभा दिसतो तो डोळ्यांत सलतो. गड्डी घट्ट धरून कडेवरून काळा स्केचपेन फिरवला की एकदम दुकानातला माल वाटतो.

लॅमिनेशन? मी केलं, पस्तावलो. पत्ते इतके निसरडे झाले की पिसताना टेबलाखालून गोळा करावे लागले.

एडिसन, न्यू जर्सीहून

२०२० चा एप्रिल. मी इथे, आई-बाबा सांगलीत, विमानं बंद. रोज व्हिडिओ कॉलवर "जेवलात का" आणि "आज किती केसेस" यापलीकडे बोलणं जाईना. तेव्हा जेमी स्टेगमायर या खेळकर्त्याने 'रोलिंग रेल्म्स' नावाचा खेळ फुकट उतरवायला ठेवला होता. वेगवेगळ्या घरांत अडकलेल्या लोकांनी एकत्र खेळावा हीच त्यामागची कल्पना. दोन फासे एकानेच टाकायचे, आकडे सगळ्यांना सारखे, प्रत्येकाने आपापल्या कागदावर भरायचे. एका फेरीत नऊ पाळ्या, अशा तीन फेऱ्या.

सांगलीत दुकानं बंद होती, प्रिंटर कुठला? बाबांनी फोनवर पान बघून चौकोन हातानेच वहीत आखले. इंजिनिअर माणूस, पट्टी-पेन्सिलने, समासासकट! इथे रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही बसायचो, तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा. फासे बाबांकडे, सापशिडीच्या डब्यातले. पहिल्याच रविवारी आई म्हणाली, "अहो, दान नीट टाका, कॅमेऱ्यात दिसू दे. तुमचा भरवसा नाही."

नियम समजवायला मला दोन कॉल लागले. तिसऱ्या रविवारी आईने आम्हा दोघांना हरवलं. आता विमानं सुरू आहेत, मी दोनदा जाऊनही आले. तरी रविवारचा डाव चालूच आहे, फक्त खेळ बदलतात.

कोल्हापूर जिल्ह्यातून

मी प्राथमिक शिक्षिका. वर्गासाठी एक छोटा पत्त्यांचा खेळ मराठीत आणला. कर्त्याला ईमेल करून विचारलं, त्यांनी आनंदाने परवानगी दिली. (विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.)

भाषांतर करायला बसले तेव्हा कळलं की आपल्याकडे शब्द आधीपासून तयार आहेत, आपणच ते विसरतो. शफल म्हणजे पिसा. डील म्हणजे वाटा. ट्रम्प म्हणजे हुकूम. डिस्कार्डला मी आधी 'त्याग करा' लिहिलं होतं. चौथीतल्या एका पोराने वाचून विचारलं, "बाई, ह्यो पत्ता संन्यास घेतोय काय?" मग 'टाका' केलं. बोर्डला पट, टोकनला सोंगटी. पत्ता 'टॅप' करा याला मात्र शब्द सापडेना, शेवटी 'आडवा करा' लिहिलं आणि तेच सगळ्यांना पटकन कळलं.

अडचण आली ती जागेची. इंग्रजी मजकूर ज्या चौकटीत बारीक टाइपात बसतो, तिथे आपल्या वेलांट्या-उकार एकमेकांत अडकतात. टाइप मोठा करावा लागला, म्हणून वाक्यं तोडली. 'तुम्ही आता दोन पत्ते उचलू शकता' याचं 'दोन उचला' झालं. खेळ उलट सोपा झाला.

सोंगट्या म्हणून चिंचोके. एका बाजूने घासून पांढरे केले की फासे म्हणूनही चालतात.

सावंतवाडीहून

आमच्याकडची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा जुना खेळ, प्रसिद्ध आहे. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० आणि सगळी गोल. राजवाड्यात आजही कारागीर ती हाताने रंगवतात. तसा संच घेणं मला परवडणारं नव्हतं, पण खेळ शिकायचा होता. म्हणून चित्रं न काढता मासा, कासव, परशू अशी साधी चिन्हं संगणकावर बसवून स्वतः छापली.

१२० गोल कात्रीने कापून बघा. चाळिसाव्यापर्यंत गोल होते, साठाव्याला बटाटे झाले. शेवटची वीस मी सरळ चौकोनी ठेवली आणि खेळात काडीचाही फरक पडला नाही.

नियमांत एक गंमत आहे. पाच रंगांत मोठा आकडा वरचढ, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का भारी. राजा आणि प्रधान मात्र सगळीकडे वरच. आणि दिवसा खेळलात तर ज्याच्याकडे राम तो उतारी करतो, रात्री ज्याच्याकडे कृष्ण तो. आम्ही एकदा संध्याकाळी सुरू केलं आणि दिवेलागणीची वेळ दिवसात धरायची की रात्रीत यावर अर्धा तास वाद घातला.

पुण्याहून

थोडं कडू बोलतो. या छंदात खेळणारे कमी आणि बनवणारे जास्त. मीही त्यातलाच. अप्पा बळवंत चौकातून कागद, पुठ्ठा, कोपरे गोल करायचा पंच, सगळं आणलं. दोन वर्षांत चौदा खेळ बनवले, खेळलो तीन. स्वस्तात पडतं म्हणून सुरू केलं होतं. शाई, कागद आणि स्लीव्ह (पत्त्यांवर चढवायची प्लॅस्टिकची पाकिटं) यांचा हिशेब मी बायकोला दाखवलेला नाही.

म्हणून नव्या माणसाला एकच सांगेन, एका पानाचा खेळ घ्या. ज्युलियन अ‍ॅन्स्टी यांचा '३० रेल्स' घ्या. एक कागद, दोन फासे, पेन्सिल, सहा बाय सहा घरांत रूळ आखायचे. कापायचं काहीच नाही. तो चार वेळा खेळून झाला तरच कटर विकत घ्या.

जेम्स अर्नेस्ट यांनी १९९६ मध्ये 'चीपअ‍ॅस गेम्स' ही खेळांची कंपनी काढली ती याच हिशेबावर. फासे आणि सोंगट्या प्रत्येकाच्या घरी पडलेल्या असतात, मग प्रत्येक डब्यासोबत त्याचे पैसे पुन्हा का द्यायचे? आमच्या घरी कॅरमच्या सोंगट्या तीन खेळांत नोकरीला आहेत.

आणि हो, बाजारातला खेळ स्कॅन करून छापणं म्हणजे प्रिंट अँड प्ले नव्हे. ती चोरी आहे.

रत्नागिरीहून

धागा वाचून काल रात्री पहिला खेळ केला. 'अंडर फॉलिंग स्काइज'ची जुनी, नऊ पत्त्यांची आवृत्ती. टोमाश उहलीर यांनी २०१९ च्या नऊ-पत्ती स्पर्धेसाठी केलेली. ती स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी खेळ डब्यातून बाजारात आला. आपल्याला लागतं एकच ए-फोर पान.

ऑफिसात काळंपांढरं छापलं (साहेब, एकच पान होतं). साध्या कागदाचे तुकडे जुन्या पत्त्यांच्या गड्डीवर चिकटवले, ना जाड कागद ना स्लीव्ह. वरून परग्रहावरची यानं शहरावर उतरत असतात. फासा ज्या उभ्या रांगेत लावाल तिथे आकडा मोठा तर काम मोठं, पण त्या रांगेतलं यानही तितकीच घरं खाली येतं. म्हणजे सहा पडला की आनंद करावा की डोक्याला हात लावावा, ते कळत नाही.

पावणेबाराला शहर गेलं. एकट्याने खेळायचा खेळ आहे, तरी हरलो. आता परत लावतोय.